शहाण्यांचीं विशेषणें

मूर्खाला मूर्ख म्हणून मोकळें होतां येतें. शहाण्याच्या बाबतींत इतक्या स्वस्तांत सुटका होत नाहीं. त्याचें शहाणपण कोणत्या जातीचें, तें कोठें खर्चीं पडतें, आणि त्यापासून आपणांस लाभ होणार कीं त्याचें भय बाळगावें लागणार, याचा निकाल लागल्याखेरीज योग्य विशेषण हातीं येत नाहीं. इंग्रजी भाषेच्या अध्यापनांत आमचीं तीस वर्षें गेलीं. आणि तासगांवासारख्या तालुक्याच्या गांवीं दरवर्षीं कोणी ना कोणी विद्यार्थी हटकून विचारतोच कीं, क्लेव्हर, ब्राइट, स्मार्ट, इंटेलिजंट या साऱ्यांचा अर्थ जर 'हुशार' असाच सांगावयाचा, तर इंग्रजांनीं एवढा पसारा मांडला कशासाठीं? हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं.

इंटेलिजंट हें त्यांतल्या त्यांत तटस्थ विशेषण. आकलनशक्ति आहे, एवढेंच तें सांगतें. तिचा उपयोग काय केला याविषयीं तें मौन धरतें. ब्राइट हें वडील माणसानें लहानाचें करावयाचें कौतुक होय. विद्यार्थी ब्राइट असतो. कुलगुरूंना ब्राइट म्हणणें हा औचित्यभंग ठरेल. क्लेव्हर या शब्दांत चलाखी आणि हातोटी येते, पण इंग्रज गृहस्थ तो पुष्कळदां किंचित् ओठ मुडपून उच्चारतो. त्या माणसाला खोली नाहीं, असें त्याला सुचवावयाचें असतें. ब्रिलियंट म्हणजे चकाकणारा. पाहणाऱ्याचे डोळे दिपले, हीच बातमी त्यांत अधिक. वाइज होण्यास मात्र आयुष्य वेंचावें लागतें. बारा वर्षांचा मुलगा ब्रिलियंट असूं शकेल. त्याला वाइज म्हटलें तर ती थट्टा होईल. स्मार्टची कथा निराळीच. त्याचा मूळ अर्थ झोंबणारा, बोचणारा. इंग्लंडांत तो टापटिपीच्या पोशाखापर्यंत आला, अमेरिकेंत बुद्धीपर्यंत पोंचला, आणि आमच्याकडे विवाह ठरवितांना तो दोन्ही अर्थीं एकदमच वापरला जातो.

माणसांप्रमाणें शब्दांनाही दैवाचे फेरे असतात. श्रूड या शब्दाचा जुना अर्थ दुष्ट, खोडसाळ असा होता. आज व्यवहारांत न फसणाऱ्या माणसाची ती स्तुति आहे. कनिंग हा शब्द उलट 'जाणणें' या अर्थाच्या धातूपासून निघाला. १६११ च्या इंग्रजी बायबलांत तो कुशल कारागिराला गौरवानें लाविलेला आढळतो. आज तो कोणाला लाविला तर अब्रूचा प्रश्न होईल. एक शब्द शिडी चढला, दुसरा उतरला. मराठींतही हेंच घडलें. मुत्सद्दी हा मुळांत दफ्तरचा कारभारी. त्याला आपण राष्ट्राराष्ट्रांच्या वाटाघाटींत नेऊन बसविलें. राज्यकारभारांतील खोल मसलत असा ज्याचा एके काळीं अर्थ होता, तें कारस्थान मात्र आज केवळ कट होऊन बसलें आहे.

या भेदाचें उत्तम उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे. पेशवाईंतील साडेतीन शहाणे सर्वांस ठाऊक आहेत. पुण्याचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पुरे. नाना फडणीस अर्धे, कारण लेखणीसारखी तलवार त्यांना चालवितां आली नाहीं, असें सांगतात. विठ्ठल सुंदर १७६३ सालीं राक्षसभुवनच्या लढाईंत पडले, सखारामबापूंचा शेवट कैदेंत झाला. अर्धा शहाणा या दोघांना पुरून उरला. तासगांवचें गणपतीचें देऊळ ज्यांनीं बांधविलें ते परशुरामभाऊ पटवर्धन १७९५ सालीं खर्ड्यावर मराठी फौजांचे सेनापति होते, आणि तेव्हां नानांचा त्यांच्यावर भरंवसा होता. त्याच वर्षीं सवाई माधवराव वारले, गादीचा वाद उपस्थित झाला आणि दोघांचें फाटलें. १७९६ सालीं नानांनीं महाडाहून सूत्रें हलवून डाव उलटविला, व परशुरामभाऊंस कैद भोगावी लागली. इतिहासकार या प्रकरणाला 'महाडचें कारस्थान' म्हणतात. नानांच्या पक्षाला त्या दिवशीं ते चतुर वाटले असतील. तासगांवच्या वाड्यांत त्यांना कोणतें विशेषण मिळालें असेल, हें वाचकांनींच ठरवावें.

तात्पर्य, विशेषण हें वर्णिलेल्या माणसापेक्षां वर्णन करणाऱ्याची जागा अधिक अचूक दाखवितें. इंग्रजी कादंबऱ्यांतला खेडुत श्रूड असतो, प्राध्यापक इंटेलिजंट असतो. आपणही शेतकऱ्याला बेरकी, व्यापाऱ्याला चलाख आणि स्वतःला विचारी म्हणतों. बेदाण्याच्या सौद्यांत मूठभर माल तळहातावर घेऊन क्षणांत त्याचा भाव ओळखणारा माणूस बुद्धि वापरीत नसतो काय? या तालुक्यांतील बोरगांवच्या वसंतराव आर्वे यांनीं थॉमसन सीडलेस या परदेशी द्राक्षांतून निवड करून 'तास-ए-गणेश' हा वाण दिला. सारख्या दिसणाऱ्या वेलींतून निराळेपण हेरणें, त्याच्यावर विश्वास ठेवणें आणि तें जोपासणें, या बुद्धीला इंग्रजींत काय म्हणावें? मराठींत 'जाणता' म्हणतां येतें. इंग्रजींत त्याचाच शब्दशः जोडीदार असलेला नोइंग हा मात्र पुष्कळदां डोळे मिचकावणाऱ्या आंतल्या गांठीच्या माणसाला लागतो.

हा केवळ कोशांतला वाद असता तर आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता. गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थिनीला परदेशीं प्रवेशासाठीं शिफारसपत्र हवें होतें. तिचे वडील द्राक्षबागाईतदार. मैत्रिणीच्या पत्रांत ब्रिलियंट आहे, तेव्हां हिच्याही पत्रांत तें असावें, अशी त्यांची इच्छा. मुलगी चकाकणाऱ्यांपैकीं नव्हे. परंतु बेदाण्याचा भाव घसरलेला असतांना वडील कर्ज काढून आणखी तीन एकर बाग लावण्यास निघाले, तेव्हां हिनें पांच वर्षांच्या फवारण्या, मजुरी आणि व्याज यांचा हिशेब मांडून त्यांना थांबविलें, व आधीं जुनें कर्ज फेडावयास लाविलें. मराठींत तिला आम्ही 'शहाणी' म्हटलें असतें, आणि त्याहून मोठी पदवी आमच्यापाशीं नाहीं. पण इंग्रजी पत्रांत सेन्सिबल लिहावें तर वाचणारा तिला मंद समजणार. वाइज लिहावें तर एकविसाव्या वर्षीं तें शोभणार नाहीं. आणि ब्रिलियंट लिहावें तर तें खरें नव्हे, शिवाय तिच्यांत जें खरोखर होतें तें झांकलें जाणार. शेवटीं आम्हीं विशेषण गाळून त्या हिशेबाची हकीकतच लिहिली. वडिलांनीं ती आमच्याकडून मराठींत समजावून घेतली आणि म्हणाले, "सर, सगळं खरं आहे, पण पोरगी हुशार आहे, असं कुठं लिहिलंय?"

त्यांचें समाधान आम्हांला करतां आलें नाहीं, व त्यांना दोषही देतां येत नाहीं. पत्रें वाचणारे लोक विशेषणें मोजतात, हें त्यांना आमच्याइतकेंच ठाऊक आहे. परंतु 'शहाणा' हा शब्द 'सज्ञान' या संस्कृत शब्दापासून आला असून त्यांत समज आणि चांगुलपणा हीं दोन्ही एकत्र नांदतात. आई कडेवरच्या मुलाला 'शहाणं माझं बाळ' म्हणते, तेव्हां तिला त्याची स्मरणशक्ति अभिप्रेत नसते. हल्लीं घराघरांतून मुलगा पांच वर्षांचा झाला कीं हा शब्द मागें पडतो आणि ब्रिलियंटची तयारी सुरू होते. पुढें 'शहाणा' ऐकूं येतो तो बहुधा 'मोठा शहाणा लागून गेलास' अशा टोमण्यांतच. इंग्रजींतील बारीक छटा मुलांनीं अवश्य शिकाव्या. त्या शिकविण्यावरच आमचा चरितार्थ चालला आहे. मात्र त्या शिकवितांना, आपल्या मुलांपासून आपण नेमकें कोणतें विशेषण अपेक्षितों, हेंही आईबापांनीं एकदां घरांत बसून ठरवावें.