शेवटच्या फेरीतले

दर वर्षी मार्चमध्ये, पाडव्याच्या आगेमागे, एका रविवारी संध्याकाळी मी घरात असूनही नसतो. त्या दिवशी आमच्या ऑफिसातल्या लीगचा फॅन्टसी बेसबॉलचा ड्राफ्ट असतो. बायकोने त्याचं नाव 'ह्यांचं लग्नकार्य' असं ठेवलंय.

सांगलीहून काकूने मागे एकदा फोनवर विचारलं होतं, "म्हणजे तू बेसबॉल खेळतोस?"
"नाही गं."
"मग बघतोस?"
"तेही फारसं नाही."
"मग करतोस तरी काय?"

तर काकू, हे तुझ्यासाठी. आम्ही बाराजण आहोत. प्रत्येकाने आपली तेवीसजणांची टीम करायची, पण कागदावर. खेळाडू खरे, मेजर लीगमधले. ते मैदानात जे करतील त्याचे आकडे आपल्या खात्यात जमा. बॅटर्सचे पाच आकडे मोजतात: सरासरी, होमरन, रन, आरबीआय आणि स्टील, म्हणजे पळून चोरलेले बेस. पिचर्सचेही पाच. निवड आळीपाळीने. पहिल्या फेरीत एक ते बारा, दुसऱ्या फेरीत उलटं बारा ते एक. प्रत्येक वेळी विचार करायला दीड मिनिट.

पहिल्या पाच-सात फेऱ्यांत अक्कल फारशी लागत नाही. तिथली नावं सगळ्यांनाच पाठ असतात. खरी गंमत विसाव्या फेरीनंतर. तोवर रात्रीचे दहा वाजलेले असतात, निम्मे लोक जांभया देत असतात आणि यादीत ज्यांना कोणी विचारत नाही असे उरलेले असतात. पहिली काही वर्षं मी तिथे हमखास एक चूक करायचो. ओळखीचं नाव दिसलं की घेऊन टाकायचो. पस्तिशीचा फर्स्ट बेसमन, दर वर्षी वीसेक होमरन, फार चांगला नाही, फार वाईट नाही. वाटायचं, चला, निदान घात तरी करणार नाही.

हिशोब अगदी साधा आहे, पण डोक्यात शिरायला मला चार वर्षं लागली. मेजर लीगच्या तीस टीम, प्रत्येकीत सव्वीस खेळाडू, म्हणजे ७८०. आम्ही बाराजण मिळून घेणार २७६. उरले पाचशेच्या वर, आणि ते सीझनभर फुकट मिळतात. आपला एक सोडायचा, त्यातला एक उचलायचा. म्हणजे जो 'बरा' खेळाडू मी ड्राफ्टमध्ये घेतला, तसाच दुसरा मे महिन्यात मला फुकटात मिळणार होता! मग शेवटच्या फेरीत त्याला घेऊन मिळवलं काय? तिथे घ्यायचा तो असा, की जमलं तर मोठं काहीतरी करून दाखवेल. नाही जमलं तर एप्रिलअखेर नारळ द्यायचा. चुकीची किंमत शून्य.

हे शिकलो २०१७ मध्ये, हात पोळून. एकविसाव्या फेरीत यँकीजचा ॲरन जज शिल्लक होता. सहा फूट सात इंच उंच. १३ ऑगस्ट २०१६ ला पहिल्यांदाच बॅटिंगला आला आणि थेट होमरन मारला, ४४६ फूट लांब. पण त्या सीझनचा आकडा? ८४ ॲट-बॅट, सरासरी .१७९ आणि ४२ वेळा स्ट्राइक आउट. बरोबर निम्म्या वेळा! शिवाय राइट फील्डची जागा त्याला मिळणार की नाही, हेही मार्चअखेरपर्यंत नक्की नव्हतं. मी नाक मुरडलं आणि माझा तो पस्तिशीचा सद्गृहस्थ घेतला. पुढच्याने जज घेतला. त्या वर्षी त्याने ५२ होमरन मारले. माझा नंबर आठवा आला :)

तेव्हापासून शेवटच्या फेऱ्यांत मी तीन गोष्टी बघतो. एक, वाईट आकडा किती दिवसांचा आहे? ८४ ॲट-बॅट म्हणजे जेमतेम महिन्याभराचा खेळ. दोन, त्याला खेळायला मिळेल का? पुढचा दुखापतग्रस्त आहे का, किंवा शेवटची इनिंग टाकणारा पिचर डळमळतोय का? तसं असेल तर त्याच्या मागे उभा असलेला घ्यावा. आणि तीन, त्याच्यात एक तरी गोष्ट खणखणीत आहे का? पूर्वी मी नुसता पळणाराही घ्यायचो. पण २०२३ मध्ये बेसचा आकार १५ इंचांवरून १८ इंच झाला, पिचरवरही बंधनं आली आणि स्टील २,४८६ वरून एका वर्षात ३,५०३ वर गेले. पळणारे स्वस्त झाले.

हे सगळं ठीक चाललं होतं. गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्या टीममध्ये एक जागा निघाली आणि मला इंटरव्ह्यूला बसवलं. शेवटी दोन नावं उरली. एक पन्नाशीचा, नोकरी गेलेला, काम चोख, पण चमक नाही. दुसरा नुकता कॉलेजमधून आलेला, एका प्रश्नाला असं उत्तर दिलं की आम्ही तिघंही गप्प झालो, बाकीच्यांना मात्र अडखळला. मी क्षणात सांगितलं, मुलगा घ्या. घरी येताना गाडीत लक्षात आलं, अरे, आपण तेविसावी फेरी खेळलो. आणि मीही बावन्न वर्षांचा आहे. दर वर्षी बरा, घात न करणारा.

मुलगा रुजू झाला. पहिले दोन महिने वाईट गेले. एका मीटिंगनंतर एकजण हळूच म्हणाला, "जमत नाहीये त्याला." माझ्या लीगमध्ये मी त्याला तोवर दोनदा सोडलं असतं. पण इथे फुकट काही नव्हतं. तो भाड्याची खोली घेऊन दुसऱ्या राज्यातून आला होता. आणि ज्या गृहस्थांना मी नाही म्हटलं, त्यांनी तर माझ्या चुकीची किंमत आधीच मोजली होती.

तेव्हा दादा आठवला. आमच्या गल्लीत टीम पाडताना मी नेहमी शेवटी उरायचो. कच्चा लिंबू. एका मे महिन्यात दादाने मला घेतलं. म्हणाला, "बॅट धरता येत नाही, पण पळतो चांगला." ओळीने तीन मॅच मी शून्यावर गेलो. पोरं म्हणाली, बसव त्याला. दादा म्हणाला, "घेतलाय ना? मग खेळू दे." पुढे मी फार दिवे लावले असं नाही. पण ती सुट्टी संपेपर्यंत रोज खेळलो.

मी त्या सहकाऱ्याला म्हटलं, "थांब, अजून ८४ सुद्धा झालेले नाहीत." त्याला काही कळलं नाही. आता रोज सकाळी साडेनऊला मुलगा माझ्या टेबलाशी येतो, अर्धा तास दोघं मिळून काम बघतो. कसा निघेल ते अजून सांगता येत नाही.

असो. यंदाच्या ड्राफ्टमध्ये तेविसाव्या फेरीत एक बावीस वर्षांचा पोरगा घेतलाय. एप्रिलअखेरपर्यंत वाट बघेन, नाहीतर नारळ. तिथे तोच नियम बरोबर आहे.

काकू, कळलं का आता मी काय करतो ते? नसेल तर जुलैत येतोय, तेव्हा सांगेन. आणि हे दादाला वाचून दाखव. त्याला ते तीन शून्य आठवत नसतील. मला आठवतात.