वहिनीच्या तुपाचा दोष नव्हता



आमचा दादा गेला तेव्हा ४३ वर्षांचा होता. भेटायला आलेल्या बायकांपैकी दोघींनी वहिनीला तोंडावर विचारले, "तूप फार घालत होतीस का गं?" नवरा जाऊन चार दिवस झालेली बाई काय उत्तर देणार? आमच्या घरी अंडे नाही, कंदमूळ नाही. दादा सडपातळ, निर्व्यसनी, दिवस मावळायच्या आत जेवणारा.

उत्तर डॉक्टरांनी दिले. दादाच्या जुन्या रिपोर्टात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २४० होते. मोठ्या माणसाचे हे १९० च्या वर असेल आणि घरात कोणी लहान वयात हृदयविकाराने गेले असेल, तर दोष रक्ताच्या नात्यातून आला आहे का हे बघावे लागते. दादाच्या टाचेमागची शीर जाड झाली होती, त्याला चप्पल टोचायची. बुबुळाभोवती पांढरट कडही होती. त्या खुणा याच आजाराच्या. आमचे अण्णाही पन्नाशीच्या आत गेले, तेव्हा घरच्यांनी 'नजर लागली' म्हणून विषय मिटवला होता.

कोलेस्टेरॉल ताटातूनच येते असे आपण धरून चालतो, पण शरीरातले बरेचसे यकृतच तयार करते. रक्तातले जादा एलडीएल परत ओढून घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर जणू दारे असतात. अमेरिकेतल्या डलासच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी ती शोधली, त्यांना १९८५ साली नोबेल मिळाले. ही दारे घडवणाऱ्या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक बिघडलेली आली की दारे निम्मी, आणि रक्तात एलडीएल जन्मापासून दुप्पट. साधारण अडीचशे माणसांत एकाला हे असते. औषध न घेतल्यास अशा पुरुषांपैकी निम्म्यांना पन्नाशीपर्यंत हृदयविकार गाठतो. बायकांना थोडा उशिरा, पण गाठतोच. तूप बेताने खावे हे खरेच, पण तूप बंद केले म्हणून दारे वाढत नाहीत.

प्रत्येक मुलात हा दोष उतरण्याची शक्यता निम्मी. आम्ही सगळ्यांनी तपासले. माझे ठीक निघाले. आक्काचे २१५, तिच्या मुलाचे २०५, आणि दादाच्या मुलीचे, वय २२, २३२.

आता खरी गोष्ट सांगते. आक्काचा मुलगा आणि दादाची मुलगी, यांचे लग्न घरात लहानपणापासून बोललेले. मामाची मुलगी करणे आमच्या भागात नवे नाही. पण दोघांतही तोच दोष असेल, तर चारांतल्या एका मुलात दोन्ही प्रती बिघडलेल्या येऊ शकतात. अशा मुलांचे कोलेस्टेरॉल पाचशेच्या वर जाते आणि हृदयविकार शाळेच्या वयात येतो. अमेरिकेत स्टॉर्मी जोन्स नावाच्या सहा वर्षांच्या मुलीला हेच होते. १९८४ साली पिट्सबर्गला तिचे हृदय आणि यकृत दोन्ही बदलले. नवे यकृत आल्यावर कोलेस्टेरॉल झपाट्याने खाली आले. मूळ कुठे आहे ते त्यातून दिसलेच.

हे वाचल्यावर मी आक्काला स्पष्ट सांगितले. ती दोन महिने माझ्याशी बोलली नाही. शेवटी मुलांनीच आपसात ठरवले आणि बोलणे मोडले. आता दादाच्या मुलीला बाहेरची स्थळे येतात. काकी म्हणतात, "सांगायचे कशाला, मुलीच्या जातीचे आहे." वहिनी म्हणते, सांगायचे. मी वहिनीच्या बाजूने आहे. रोज एक गोळी घेऊन सत्तरी गाठणारी सून आणि काही न कळता ४३ व्या वर्षी जाणारा मुलगा, यांत लपवण्यासारखे काय आहे ते मला कळत नाही.

गोळीवरूनही घरात वाद झाला. रात्री काही घ्यायचे नाही, मग कसे? कोलेस्टेरॉलच्या काही जुन्या गोळ्या रात्री देत. आता मिळणाऱ्या अॅटोर्वास्टॅटिन, रोझुवास्टॅटिन दिवसातून कधीही चालतात. दादाची मुलगी सकाळी देवदर्शन करून आल्यावर न्याहारीबरोबर घेते. कॅप्सूल नाही, गोळीच आहे, त्यामुळे जिलेटिनची शंका नको. दशलक्षणात उपवास धरायचा तर आधी डॉक्टरांना विचारायचे, असे तिने ठरवले आहे. मूल हवे असेल तेव्हा ही गोळी थांबवावी लागते, तेही विचारूनच. सहा महिन्यांत तिचे एलडीएल ११० वर आले.

"पूर्वकर्म आहे, भोगायलाच हवे," असेही एकीने ऐकवले. आपल्या चार दानांत औषधदान आहे, ते कशासाठी सांगितले असेल?

घरात कोणी पन्नाशीच्या आत असे गेले असेल, तर सगळ्यांची लिपिड प्रोफाइल करून घ्या. मुलांची आठ-दहा वर्षांची असतानाच करता येते. इचलकरंजीच्या मावशीच्या दोन्ही नातवांची राहिली आहे. मावशी म्हणते, "पोरं तर धडधाकट आहेत." रविवारी सकाळच्या एसटीने जाते आणि दोघांना लॅबमध्ये घेऊन जाते.