‘मॅडम, होत नाही!’ – गेम इन्स्टॉल न होण्याचे निदान आणि उपचार



गणिताच्या तासाला ‘येत नाही’ आणि कॉम्प्युटरच्या तासाला ‘होत नाही’ ही दोन वाक्यं आपण सगळेच रोज ऐकतो. गणितात मूल ‘येत नाही’ म्हणालं तर आपण तिथेच थांबत नाही. हातचा विसरतंय, की मध्ये शून्य आलं की गडबडतंय, हे शोधून काढतो. डी.एड.ला आपण यालाच निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन म्हणायचो. पण कॉम्प्युटरवर एखादा गेम इन्स्टॉल झाला नाही की आपलं निदान एका वाक्यात आटोपतं, “मशीन खराब आहे, माणूस बोलवा.”

माणूस तालुक्याहून येतो, दोन बटणं दाबतो, पैसे घेतो आणि जातो. काय बिघडलं होतं ते ना मुलांना कळतं, ना आपल्याला. म्हणून गेली काही वर्षं मी हे काम शक्यतो मुलांना सोबत घेऊनच करते. मला कॉम्प्युटरचं मोठं शिक्षण नाही. पण निदान कसं करायचं ते आपल्याला माहीत आहे, आणि इथे तेच लागतं.

आधी मेसेज वाचायचा

थॉर्नडाइकची मांजर आठवते ना? पेटीत कोंडलेली. इकडे ओरबाडते, तिकडे धडक देते आणि कधीतरी चुकून कडी निघते. 1898 मध्ये प्रसिद्ध झालेला तो प्रयोग आपण ‘प्रयत्न-प्रमाद’ म्हणून पाठ केला. मुलं गेम इन्स्टॉल करताना अगदी तसंच करतात. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. मध्ये काही मेसेज आला की तो न वाचताच ओके. पुन्हा पहिल्यापासून नेक्स्ट, नेक्स्ट.

म्हणून आमच्याकडे पहिला नियम असा, की मेसेज आला की हात माउसवरून बाजूला आणि मेसेज जसाच्या तसा वहीत. इंग्रजी समजत नसलं तरी अक्षरं बघून उतरवून घ्यायची. मग शब्दकोश काढायचा. ‘नॉट’, ‘फाउंड’, ‘स्पेस’, ‘व्हर्जन’, ‘परमिशन’ एवढे पाच शब्द आले तरी बऱ्याच मेसेजचा रोख कळतो. इंग्रजी वाचनाचा इतका मनापासून केलेला सराव मी पाठ्यपुस्तकावर क्वचितच पाहिला आहे, कारण इथे अर्थ लागला तर गेम सुरू होणार असतो!

आमच्या मशीनवर काय काय निघालं

शाळेला मिळालेली मशीन जुनी आहेत. त्यांच्यावर आम्ही मुख्यतः जीकॉम्प्री आणि टक्स पेंट घालतो. दोन्ही मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहेत. जीकॉम्प्री 2000 साली फ्रान्समध्ये सुरू झालं. त्याच्या नावात फ्रेंच भाषेतला ‘मला समजलं’ या अर्थाचा शब्दप्रयोग दडलेला आहे, हे मुलांना सांगितलं की ती खूश होतात. पण दोन्ही सरळ इन्स्टॉल झाले असं एकाही मशीनवर घडलं नाही. प्रत्येकाचं कारण वेगळं निघालं.

पहिल्या मशीनवर गेमची साइटच उघडेना. ब्राउझर म्हणे, कनेक्शन सुरक्षित नाही. बाकीच्यांवर तीच साइट त्याच हॉटस्पॉटवर चालत होती, म्हणजे दोष नेटचा नव्हता. चौथीतल्या एका मुलीने कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बोट दाखवलं. तारीख 2009 ची होती! साइटकडे ओळखपत्रासारखं एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. 2009 मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं दिसत नाही, म्हणून तो नकार देतो. तारीख नीट केली आणि साइट उघडली. पण लाईट गेली की दुसऱ्या दिवशी पुन्हा 2009. कारण मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला होता. त्या सेलवर ‘2032’ लिहिलेलं असतं. 20 म्हणजे व्यास 20 मिलिमीटर आणि 32 म्हणजे जाडी 3.2 मिलिमीटर. मुलांनी पट्टीने मोजून खात्री केली. मापनाचा तास तिथेच झाला.

दुसऱ्या मशीनवर मेसेज आला, की या फाइलची आवृत्ती तुमच्या विंडोजशी जुळत नाही. विंडोज 32 बिटची आणि उतरवलेली फाइल 64 बिटची. कॉम्प्युटरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की ‘सिस्टिम टाइप’समोर हे लिहिलेलं असतं. मुलांना मी एवढंच सांगितलं, की चौथीचं मूल पहिलीचं पुस्तक वाचतं, पण पहिलीच्या मुलाला चौथीचं जमत नाही. 64 बिटच्या विंडोजवर 32 बिटचा गेम सहसा चालतो, उलट होत नाही. सातवीला घातांक शिकवत असाल तर 2 चा 32 वा घात काढायला सांगा. 4,29,49,67,296. साध्या 32 बिटच्या विंडोजला सुमारे 4 जीबीपलीकडची मेमरी का वापरता येत नाही, याचं उत्तर या आकड्यात आहे.

तिसऱ्या मशीनवर एक डीएलएल फाइल सापडत नसल्याचा मेसेज होता. म्हणजे काय? फळ्यावर वर्तुळ काढायचा मोठा लाकडी कंपास प्रत्येक शिक्षक विकत घेतो का? तो ऑफिसात असतो, लागेल तो नेतो. तसे गेमही काही साहित्य विंडोजमधलं सामाईक वापरतात. ते तिथे नसेल तर गेम अडतो. आम्हाला हवा होता व्हिज्युअल सी प्लस प्लसचा संच. तो मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मोफत मिळतो. इथे एक सावधगिरी हवी. तेवढी एकच डीएलएल फाइल देणाऱ्या भलत्याच साइट शोधात सापडतात, तिथून काही घेऊ नका. कंपास ऑफिसातूनच आणायचा, रस्त्यावर सापडलेला नाही.

चौथ्या मशीनचं कारण मला फार विचार करायला लावणारं होतं. तिथे युजरचं नाव कोणीतरी हौसेने मराठीत ‘शाळा’ असं दिलेलं होतं. इन्स्टॉलर आपलं सामान आधी युजरच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवतो. त्या पत्त्यात ‘शाळा’च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसत होती आणि काम तिथेच अडत होतं. जुन्या पद्धतीच्या काही इन्स्टॉलरना युनिकोड कळत नाही आणि विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडशिवाय नाही. उपाय सोपा होता. इंग्रजी अक्षरांत नावाचा नवा युजर केला आणि गेम बसला. पण एका मुलाने विचारलं, “मॅडम, म्हणजे मराठीत नाव द्यायचं नाही का?” मी म्हटलं, द्यायचं. चूक नावाची नाही. ज्याने तो इन्स्टॉलर लिहिला, त्याच्या डोक्यात आपली भाषा आली नाही. पुढे तुमच्यापैकी कोणी लिहिला तर आठवण ठेवा.

पाचवं मशीन आजही तसंच आहे. 1 जीबी रॅम आणि विंडोज एक्सपी, जिचा आधार मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी थांबवला. नवं जीकॉम्प्री तिथे चालत नाही आणि चालणारही नाही. मुलांनी कारणासकट तसं वहीत लिहून ठेवलं आहे. “या मशीनवर यामुळे होणार नाही” हेही निदानच आहे.

अँटिव्हायरस बंद करा?

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते.

सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. घरच्या कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा मोठा गेम उतरवला होता, तो इन्स्टॉल होईना. मी सवयीप्रमाणे विचारलं, “मेसेज काय आला?” तो म्हणाला, “मेसेज नाही, अँटिव्हायरस फाइल उडवतोय. पण व्हिडिओत सांगितलंय, अँटिव्हायरस बंद करा आणि रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा. पासवर्ड पप्पांचा आहे. तुम्ही सांगितलं तर पप्पा देतील.”

त्याचे वडील घरी त्याच कॉम्प्युटरवर गावातल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतात. म्हणजे किती घरांची आधार कार्डं, पासबुकं, दाखले त्यात असतील याचा अंदाज करा.

मी त्याला रागावले नाही. गेमची किंमत विचारली. विकतचा होता, आणि हा फुकट मिळाला होता. मग विचारलं, “अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे कोण?” त्याला नीट सांगता आलं नाही. मी म्हटलं, घरातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या ज्याच्याकडे असतात तो. आता बघ, एक अनोळखी माणूस तुला हजारोंची वस्तू फुकट देतोय आणि म्हणतोय, दारातला कुत्रा बांधून ठेव आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दे. तू काय करशील?

तो गप्प बसला. मग म्हणाला, “पण तो फुकट का देतोय?” हा प्रश्न त्याने स्वतः विचारला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

एक खरं सांगायला हवं. अँटिव्हायरस कधीकधी चांगल्या फाइललाही अडवतो. पण तसं झालं तर फाइल मूळ साइटवरूनच आली आहे का ते बघायचं, पुन्हा उतरवायची, अँटिव्हायरस अपडेट करून तपासायची. पहारा उठवणे हा उपाय नाही. आणि चोरून फोडलेल्या गेमबाबत तर हा प्रश्नच येत नाही.

त्याचा चेहरा पडला. दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. त्याच्या मित्रांकडे तो गेम होता आणि याच्याकडे नव्हता. मुलांच्या जगात हे दुःख लहान नसतं. मी त्याला सुपरटक्सकार्टचं नाव दिलं. गाड्यांच्या शर्यतीचाच मोफत, मुक्त गेम. “तो भारी नाही,” असं तोंड वाकडं करून तो गेला.

पुढच्या आठवड्यात तो आला तेव्हा हातात वही होती. सुपरटक्सकार्ट सुरू होताना आलेला मेसेज इंग्रजीत ओळ न ओळ उतरवलेला, ‘ड्रायव्हर’ या शब्दाखाली रेघ, आणि खाली त्याचा अंदाज: ‘ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना असेल.’ अंदाज बरोबर होता. वडिलांना शेजारी बसवून, कॉम्प्युटरच्या कंपनीच्या साइटवरून त्याने ड्रायव्हर घेतला. गेम चालला.

आमची निदान वही

वहीत चार रकाने आहेत: तारीख, मेसेज, काय बदललं, काय झालं. नियम दोनच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि जमलं नाही तरी लिहायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे जमलं ते कळत नाही.

मेसेज नसेल तर तपासायचा क्रमही वहीच्या मागच्या पानावर आहे:

1. फाइल पूर्ण उतरली का? साइटवरचा आकार आणि आपल्या फाइलचा आकार ताडून पाहा. नेट मध्येच तुटलं असेल तर फाइल अर्धी असते.
2. झिप फाइल आधी एक्स्ट्रॅक्ट केली का? झिपच्या आतूनच गेम चालवला तर त्याला सोबतच्या फाइली सापडत नाहीत.
3. जागा आहे का? झिप 1 जीबी आणि आतला गेम 3 जीबी, तर किमान 4 जीबी मोकळे हवेत. गेम डी ड्राइव्हला टाकला तरी तात्पुरत्या फाइलींसाठी सी ड्राइव्हला जागा लागते.
4. पेनड्राइव्हवर मोठी फाइल कॉपी होत नाही? फॅट32 पद्धतीच्या पेनड्राइव्हवर 4 जीबीची किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही, जागा कितीही मोकळी असो.
5. गेमला काय काय लागतं ते साइटवर लिहिलेलं असतं. ते आपल्या मशीनशी जुळतं का? खरं तर हे उतरवण्याआधीच पाहायचं.

पालकांसाठी दोन शब्द

मूल ‘होत नाही’ म्हणत आलं, तर “गेम बंद कर, अभ्यासाला बस” म्हणण्याआधी दहा मिनिटं त्याच्या शेजारी बसा. तुम्हाला कॉम्प्युटर येत नसला तरी चालेल. फक्त तीन प्रश्न विचारा. मेसेज काय आला? फाइल कुठून घेतली? आत्तापर्यंत काय करून पाहिलंस? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना मूल अडखळलं तर तिथे थांबा, रागावू नका, पण पासवर्ड देऊ नका.

तुमच्या शाळेत अशी वही सुरू केलीत तर त्यात पहिली नोंद मुलांच्या अक्षरात होऊ द्या. शुद्धलेखन नंतर तपासता येईल.