सुपाचं पातेलं

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या ईस्ट फर्स्ट स्ट्रीटवर, 36 नंबरला सेंट जोसेफ हाउस आहे. या घराचा कर्ता कोण असं कुणी विचारलं, तर मी स्वयंपाकघरातल्या सुपाच्या पातेल्याकडे बोट दाखवीन. दोघांनी दोन बाजूंनी कान धरल्याशिवाय शेगडीवरून न हलणारं हे धूड. कांदे, बटाटे, गाजरं चिरणारे त्याच्या दिमतीला, पाव कापणारे त्याच्या दिमतीला, आणि बाहेर फुटपाथवर रांग लावून उभे असलेले सगळे त्याचे पाहुणे.

पातेलं घरात आलं ते ठरवून नाही. 1933 साली 1 मे या दिवशी डोरोथी डे या पत्रकार बाईंनी युनियन स्क्वेअरमध्ये ‘कॅथलिक वर्कर’ नावाचं वर्तमानपत्र विकायला काढलं, किंमत एक सेंट. महामंदीचे दिवस. त्यांचे सहकारी पीटर मोरीन, फ्रान्समधल्या शेतकरी कुटुंबात जन्मलेले, त्या पत्रात लिहीत की प्रत्येक ख्रिस्ती घरात परक्यासाठी एक खोली राखलेली असावी. थंडी सुरू झाली आणि बेघर माणसं दार वाजवू लागली. लिहिलंय तर करून दाखवा, एवढंच त्यांचं म्हणणं. मग आधी काही बायकांसाठी जागा भाड्याने घेतली, पुढे पुरुषांसाठी, आणि शेगडीवर भांडं चढलं ते चढलंच. पुढच्या काळात घरं बदलली, मॉट स्ट्रीट, ख्रिस्टी स्ट्रीट, स्प्रिंग स्ट्रीट; 1968 पासून मुक्काम इथे. भांडीही बदलली असतीलच, पण स्वभाव पहिल्यासारखाच राहिला.

उद्या काय शिजणार ते हे पातेलं आदल्या दिवशी सांगू शकत नाही. कुणी दिलेलं कडधान्य, बाजारात उरलेली भाजी, जे दारात येईल ते त्याच्या पोटात जातं. माणसं वाढली की आपण आमटीत पाणी वाढवतो, तसं तेही वाढतं. थंडीत बाहेरून आलेला माणूस वाडगा दोन्ही तळव्यांत धरून आधी बोटं शेकून घेतो, तोंडाला लावतो तो नंतर. अन्न शिजवणाऱ्याला यापेक्षा मोठी पावती कुठली हवी?

जवळच बोवरी आहे. स्वस्त खोल्यांत रात्र काढणाऱ्या, कामावरून आणि घरावरून उठलेल्या पुरुषांचा हा रस्ता एकेकाळी देशभर बदनाम होता. तिथल्या काही मिशनांत जेवणाआधी प्रवचन ऐकावं लागे. या पातेल्याने ती अट कधीच घातली नाही. नाव नाही, धर्म नाही, दारू प्यायलास का हेही नाही. मला यातच त्याची श्रद्धा सगळ्यात ठळक दिसते. दारात उभा असलेला माणूस म्हणजेच ख्रिस्त, असं ज्यांनी मनापासून मानलं, त्यांना त्याची चौकशी करणं सुचणारच नाही. इथे माणसांना किती दिवस राहू देता, असं एका समाजसेविकेने डोरोथीबाईंना विचारलं होतं. कायमचं, असं त्यांचं उत्तर होतं. ती आमच्यातच मरतात आणि आम्हीच त्यांना पुरतो, कारण ती घरचीच आहेत.

यात गोडवा कमी आणि कष्ट जास्त. रांगेत भांडणं होतात, कुणी दिवसेंदिवस आंघोळ केलेली नसते, कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. डोरोथीबाईंनी हे सगळं लिहून ठेवलंय, वास आणि उवांसकट. म्हणूनच त्यांच्या प्रेमावर माझा विश्वास बसतो.

पैशाच्या बाबतीत मात्र हे घर मोठं हट्टी. 1956 मध्ये आगीपासून सुरक्षिततेचे नियम पाळले नाहीत म्हणून घराला 250 डॉलर दंड झाला. डोरोथीबाई कोर्टात निघाल्या तेव्हा दाराशी जमलेल्या गर्दीतल्या एका चुरगळलेल्या कपड्यांतल्या माणसाने त्यांच्या हातात एक कागद कोंबला. अडीच डॉलर असतील असं समजून त्यांनी आभार मानले. नंतर पाहिलं तर पूर्ण अडीचशेचा चेक, सही डब्ल्यू. एच. ऑडन या कवीची. हे पैसे आनंदाने घेतले. पण भुयारी रेल्वेसाठी शहराने ख्रिस्टी स्ट्रीटवरचं घर ताब्यात घेतलं आणि मोबदला उशिरा, व्याजासकट दिला, तेव्हा 1960 मध्ये त्यांनी व्याजाचे 3,579 डॉलर 39 सेंट परत पाठवले. व्याज घेणं आम्हाला मान्य नाही, असं पत्रही सोबत जोडलं. पातेल्याला दुसऱ्या दिवशी काय मिळणार याची खात्री नसताना केलेली ही गोष्ट आहे.

एकदा कुणी हिऱ्याची अंगठी दान दिली. डोरोथीबाईंनी ती तिथे नेहमी जेवायला येणाऱ्या, सदा कुरकुरणाऱ्या एका म्हातारीला देऊन टाकली. विकली असती तर तिचं वर्षभराचं भाडं निघालं असतं, असं कुणीतरी म्हणालं. तिला वाटलं तर विकेल, वाटलं तर बोटात घालून मिरवेल, देवाने हिरे काय फक्त श्रीमंतांसाठी घडवले, असं त्यांनी विचारलं. व्यवहारी माणसाला हे पटणं कठीण. मलाही आधी खटकलं. पण गरिबाला सूप द्यायचं आणि निवड मात्र आपल्या हातात ठेवायची, ही आपली सवय त्या म्हातारीच्या बोटावर बरोबर पकडली जाते.

एका पातेल्याने बेघरपणा संपत नाही, असा आक्षेप या घरावर नेहमी घेतला गेला. तो खरा आहे, आणि घरातल्यांनाही तो ठाऊक होता. म्हणूनच त्यांनी पातेलं चढवलं तरी वर्तमानपत्र बंद केलं नाही. भाडी, मजुरी, युद्धावर उडणारा पैसा यांच्याबद्दल ते पत्र आजही लिहितं; अंकांच्या घड्या घालायला आणि पत्ते चिकटवायला सुपासाठी आलेले पाहुणेही बसतात. किंमत अजून एक सेंटच आहे.