काल्याआधी उठू नये



चाळीस वर्षे कीर्तनात मी एक गोष्ट सांगत आलो : देव पाहायचा तर समोरच्या माणसात पाहा. श्रोते माना डोलवीत, मृदंगावर थाप पडे, आणि आपल्याला हे समजले आहे असे मला वाटे. ते समजले नव्हते, हे परदेशात एका कॉफीच्या दुकानात कळले. म्हणून हा लेखप्रपंच.

माघात मी लेकीकडे गेलो होतो, अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या अलेक्झांड्रियाला. लेक-जावई कामावर, नातू शाळेत. दिवसभर बोलायला फक्त भिंती. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बसू लागलो. तिथे काम करणारी बाई इथिओपियाची, चाळिशीची. त्या भागात तिच्या देशाचे पुष्कळ लोक राहतात. माझे इंग्रजी तोडकेमोडके, तिचेही तसेच. त्यामुळे आमचे चांगले जमले.

एका एकादशीला तिने पुढे केलेला पाव मी परत केला. उपास, असे खुणेने सांगितले. ती हसली. तिचाही उपासच चालू होता, ईस्टरपूर्वीचा, पंचावन्न दिवसांचा! मांस, दूध, अंडे काही नाही. एरवीही बुधवार-शुक्रवार पाळायची. पंधरवड्यातून एकदा उपास करून मी स्वतःला केवढा नेमाचा समजत होतो!

मग तिने गळ्यातल्या तुळशीच्या माळेविषयी विचारले. मी मोबाईलवर वारी दाखवली. तिने मला लालिबेला दाखवले. तिथे डोंगराच्या खडकात कोरलेली अकरा देवळे आहेत. ७ जानेवारीला त्यांचा नाताळ असतो. त्यासाठी माणसे पांढरी वस्त्रे नेसून दिवसचे दिवस पायी चालत येतात. तिची आईही जायची म्हणे. सांगताना तिचा आवाज दाटला.

एका रविवारी तिने आम्हाला घरी बोलावले. परान्नाचे काय करावे, म्हणून मी कुरकुरलो. लेकीने ऐकले नाही. तिथे तिने हिरव्या बिया धुऊन तव्यावर भाजल्या, धूर प्रत्येकाच्या नाकाशी नेला, बिया कुटल्या आणि मातीच्या सुरईत कॉफी उकळली. तीन वेळा ती वाढतात. तिसऱ्या पेल्याला ‘बरका’ म्हणतात, म्हणजे आशीर्वाद. तो घेतल्याशिवाय उठायचे नाही. सोबत मक्याच्या लाह्या! मला भरून आले. काला घेतल्याशिवाय वारकरी तरी कुठे उठतो?

निघताना ती खाली वाकली आणि तिने माझ्या गुडघ्याला हात लावला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला आणि गाडीत बसलो.

वाटेत नातवाने विचारले, “आजोबा, वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात ना? मग तुम्ही का नाही पडलात?”

माउली, उत्तर नव्हते. वारीत लहानमोठा, जातपात न पाहता नमस्काराला नमस्कार होतो. पण मी कीर्तनकार! गळ्यात हार आणि पायांवर डोकी घेता घेता वाकायचे विसरून गेलो होतो. शब्द तोंडात राहिले, कंबर ताठ झाली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. ती टेबल पुसत होती. मी वाकलो. म्हातारा तोल जाऊन पडतोय असे वाटून तिने धावत येऊन मला दोन्ही हातांनी धरले, खुर्चीवर बसवले, पाणी दिले. काय करत होतो ते मी सांगितले. तिला कितपत कळले, पांडुरंग जाणे.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीत माउलींच्या प्रस्थानाला पोचलो. आता सगळी वाट चालवत नाही. पण कोणी पाया पडले की लगेच मीही वाकतो. गुडघे दुखतात. आणि दर वेळी वाटते, आता कोणीतरी दोन्ही हातांनी धरील.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!