बेलपाड्याची जोड-टाकी

शीव-पनवेल मार्गानें जातांना बेलापूर मागें पडलें कीं खारघरच्या डोंगराच्या बाजूस बेलपाडा लागतो. १७ नोव्हेंबर २०२३ पासून धावणाऱ्या नवी मुंबई मेट्रोच्या एका स्थानकास ह्या गांवाचें नांव आहे. नव्या वस्त्या जुनीं नांवें गिळतात. तेव्हां एवढेंही पुष्कळ.

आमचा पुतण्या येथेंच राहतो. पत्नी व दोन लेंकरें घेऊन लडाखास जावें, असें त्याच्या मनांत भरलें. त्याची डिझेलवर चालणारी थार चारही चाकांनीं ओढणारी. तरी वाटेंत तेल संपेल ह्या धास्तीनें त्यानें जोड-टाकी बसविण्याकरितां कळंबोलीहून एका मिस्त्र्यास बोलाविलें होतें.

मिस्त्री जाणता निघाला. डिझेलचें इंजिन घेतलेल्या तेलापैकीं कांहीं भाग टाकीकडे परत धाडतें. ती परतीची नळी भलत्या टाकीस जोडली तर एक टाकी रिती होते आणि दुसरी भरून वाहते. म्हणून जोड-टाकींतील तेल लहान विजेच्या पंपानें मूळ टाकींतच सोडावें. टाकींत आडवे पत्रे हवेत, नाहीं तर वळणावर तेल हेलकावे खातें. हवेला वाट हवी. आणि आंतून जस्ताचा मुलामा मुळींच नको, कारण जस्त डिझेलांत उतरून इंजेक्टरांत सांका धरतें. इतकें नेमकें विवेचन आमच्या विज्ञानाच्या वर्गांतही क्वचितच होत असे!

मग हिशेब मांडला. मूळ टाकींत ५७ लिटर मावतें. घाटांत लिटरमागें १० किलोमीटर धरले तरी ५७० होतात. मनाली-लेह मार्गावर टांडीच्या पंपावरील प्रसिद्ध फलक पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचें बजावीत आला आहे. तेथवर चिंता नाहीं. परंतु लेहहून हानलेस जाऊन परतावयाचें तर सुमारें ५०० किलोमीटर होतात, आणि तेथें मात्र हिशेब जेमतेम जुळतो.

त्यांत कायदा आडवा येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीपत्रकांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत ठरेल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ रोजीं तें कलम कडकपणेंच लाविलें. शिवाय ६० लिटर डिझेलचें वजनच सुमारें ५० किलो! अपघात झाल्यास विमेवाले काय म्हणतील, हें पुतण्याच्या पत्नीनें विचारलें, आणि सर्वांचेच चेहरे उतरले.

अखेर २० लिटरचा एक पक्का डबा पुरे, असें ठरलें. तो छपरावर नको, मागच्या चौकटींत पट्ट्यानें आवळून ठेवा, हें मिस्त्र्यानेंच सांगितलें. मजुरी बुडाली तरी चहास थांबला.