हौसेचें मोल

हौसेला मोल नाहीं, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. लग्नकार्यांत, सणासुदीला किंवा सराफाच्या पेढीवर ती उच्चारली कीं हिशेबाची वही मिटतां येते, म्हणून ती सर्वांनाच सोयीची वाटते. तीस-बत्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकवितांना शब्दाचा अर्थ लावल्यावांचून पुढें न जाण्याची संवय मला जडली. तिच्यामुळें ही म्हण मला नेहमीं अर्धवट वाटत आली आहे. हौसेला मोल नसतें असें नाहीं. तें आपण मोजीत नाहीं, इतकेंच. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एका जुन्या मोटारीवरून जो विचार झाला, त्यांत हें मोल मोजण्याचा प्रसंग आला. एकत्र राहणाऱ्या इतर कुटुंबांसहि तो विचार उपयोगीं पडेल, या समजुतीनें येथें मांडीत आहें.

आमचें बिऱ्हाड साताऱ्यांत. मी, माझे धाकटे बंधु, आम्हां दोघांचीं कुटुंबें, पुतण्या, सूनबाई आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी अशीं सात माणसें एका चुलीवर जेवतों. घरांत एक साधी मोटार आहे. बाजार, दवाखाना आणि लग्नमुंजी यांस ती पुरते. पुतण्या यंत्रविद्येचा पदवीधर. येथील एका कारखान्यांत नोकरीस आहे. घरखर्चाचा आपला वांटा तो दर महिन्याच्या पहिल्या तारखेस न चुकतां माझ्या हातीं ठेवतो. एके दिवशीं तो मला म्हणाला, "अण्णा, मला एक जुनी गाडी घ्यायची आहे. रोजच्या कामासाठीं नाहीं. फक्त रविवारीं चालवायला."

गाडी होती २००१ सालची होंडा सिटी, व्हीटेक इंजिनाची. ज्यांना मोटारींचें वेड नाहीं, त्यांना तिच्याकडे पाहून कांहींच विशेष वाटणार नाहीं. ही सिटी आपल्या देशांत १९९८ सालीं आली. २००० सालीं तिला दीड लिटरचें, १०६ अश्वशक्तीचें व्हीटेक इंजिन मिळालें. आणि २००३ सालीं तिचें हें रूप बंद होऊन नवें आलें. या इंजिनाची युक्ति पुतण्यानें मला कागदावर काढून दाखविली. इंजिनाच्या झडपा उघडण्यासाठीं फिरत्या दांड्यावर उंचवटे असतात. येथें त्यांच्या जोडीला आणखी एक अधिक उंच उंचवटा ठेवलेला असतो. इंजिनाचे फेरे ठराविक मर्यादेपलीकडे गेले कीं तेलाच्या दाबानें एक खीळ सरकते आणि झडपा त्या उंच उंचवट्याच्या ताब्यांत जातात. त्या अधिक उघडतात, इंजिन मोकळा श्वास घेतें आणि त्याचा स्वरच पालटतो. गाडीचें वजन सुमारें एक टन. आजच्या कित्येक गाड्या बळानें हिच्या पुढें आहेत, परंतु हा हलकेपणा आणि हा स्वर त्यांत नाहीं, असें जाणकार म्हणतात. पुतण्या तेव्हां अठरा वर्षांचा होता आणि ही गाडी दुसऱ्याच्या दारांत पाहूनच समाधान मानीत होता. आतां तो बेचाळीस वर्षांचा आहे. जुन्या मोटारींना गिऱ्हाईक कोठून येतें, याचें उत्तर बहुधा यांतच आहे; तारुण्यांत जें दुरून पाहिलें, तें मिळवतें झाल्यावर माणूस शोधीत येतो.

बंधूंनीं पहिला आक्षेप घेतला. "एकत्र कुटुंबांत एकट्याची चैन कशाला?" असें ते म्हणाले. या आक्षेपाला आपल्या शास्त्रांतच उत्तर आहे. मिताक्षरेनें एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचा इतका बारीक विचार केला, पण स्वकष्टार्जित धन तिनेंहि निराळें मानलें. कौटिल्यासारख्या कठोर अर्थशास्त्रज्ञानें राजाला धर्म आणि अर्थ यांच्याशीं विरोध न येईल अशा रीतीनें काम सेवण्याची मोकळीक दिली आहे. सुखावांचून राहूं नये असेंच त्याचें मत. काम हा चार पुरुषार्थांतील एक आहे. तो चोरून करावयाचा अपराध नव्हे. तेव्हां हौस असावी कीं नसावी हा प्रश्न नव्हता. ती धर्म आणि अर्थ यांच्या कुंपणांत बसते कीं नाहीं, एवढाच प्रश्न होता.

वेगाच्या आनंदाबद्दल तर कालिदासाची साक्ष काढावी. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंताचा रथ हरिणामागें धांवतो. जमीन उंचसखल होती म्हणून लगाम आंवरले होते, असें सारथी सांगतो. सपाटी लागतांच तो ते सैल सोडतो आणि भोंवतालचें जग वेगामुळें कसें पालटलें, तें पाहून राजा हर्षतो. इतक्यांत एक तपस्वी हात वर करून सांगतो कीं हें आश्रमाचें हरिण आहे. आणि राजा रथ थांबवून लावलेला बाण परत घेतो. पुढें आश्रमांत शिरतांना घोड्यांच्या पाठी ओल्या करण्याची आज्ञाहि तो सारथ्यास देतो. हा अंक मीं वर्गांत कितीदां शिकविला असेल! या वेळीं त्यांतल्या तीन गोष्टी मला निराळ्याच अर्थानें दिसल्या: जमीन पाहून लगाम सोडणें, दुसऱ्याचा हात वर होतांच थांबणें, आणि घोड्यांची निगा राखणें. आमचा हिशेब याच तीन सदरांखालीं झाला.

पहिलें सदर जमिनीचें. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर सपाटीच्या भागांत देखील मोटारींना ताशीं १०० किलोमीटरची मर्यादा आहे. घाटांत ती पुष्कळच कमी. मग एवढें बळ हवें कशाला, असें मीं विचारलें. ज्याला शर्यतीचा वेग हवा, त्यानें चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइंबतूरच्या बंदिस्त धांवपट्टीवर जावें. सार्वजनिक रस्ता ही कोणाची खाजगी रंगभूमि नव्हे. पुतण्या म्हणाला, "अण्णा, मला वेग नको आहे, वळणें हवीं आहेत." पहांटे वाईहून पसरणीचा घाट चढून पांचगणीस जावें, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चाळिशीच्या आंत राहून एकेक वळण नीट घ्यावें, आणि गर्दी होण्यापूर्वीं परतावें, एवढीच त्याची कल्पना होती. हें उत्तर मला पटलें. कायद्याच्या आंत राहून जिच्यांत गोडी वाटते, तीच गाडी रविवारच्या कामाची. जिची मजा मर्यादा ओलांडल्यावांचून सुरूच होत नाहीं, ती फुकट मिळाली तरी घेऊं नये.

दुसरें सदर घोड्यांच्या निगेचें. येथें मीं त्याला कोरी वही दिली आणि प्रत्येक बाब लिहून काढावयास सांगितली. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. ही फी एप्रिल २०२२ पर्यंत ६०० रुपये होती, ती ५,००० झाली. आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील मोटारींना ती १०,००० करण्यांत आली. पर्यावरण कर निराळाच. २०२१ सालच्या नियमांनीं 'व्हिंटेज' मोटारींस स्वतंत्र दर्जा दिला खरा, परंतु तो पन्नास वर्षें पूर्ण झाल्यावर. या गाडीस तो २०५१ सालीं मिळावयाचा! तोंवर हौशी माणसाला जें रत्न, तें कायद्याच्या दृष्टीनें केवळ एक म्हातारी मोटार.

शिवाय मोटार जितकी धांवून झिजते, तितकीच उभी राहूनहि बिघडते, हें मला या निमित्तानें कळलें. बॅटरी उतरते, टायर एकाच जागीं चेपतात, ब्रेकच्या चकत्यांवर गंज धरतो. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर वयानें कडक होतें. इंजिनाचा टायमिंग पट्टा किती किलोमीटर धांवला एवढेंच नव्हे, तर किती वर्षांचा झाला, हेंहि पाहावें लागतें. आपल्या पेट्रोलमध्यें आतां वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें आणि त्याचा विचार न करतां बनविलेल्या जुन्या रबरी नळ्यांस तें मानवत नाहीं. म्हणून अशा नळ्या बदलणें प्राप्तच. विम्याची गोष्टहि ध्यानांत घेण्याजोगी. पांच वर्षांवरील गाडीची विम्याची किंमत मालक आणि कंपनी यांच्या संमतीनें ठरते. मालकाच्या मनांतली किंमत कंपनी मान्य करीलच असें नाहीं. त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा तर कायद्यानें सक्तीचाच आहे.

गाडीची मागणी साडेतीन लाखांची होती. ओळखीच्या मेकॅनिकनें ती वर उचलून खालून तपासली, ठिकठिकाणीं ठोकून गंज पाहिला आणि सव्वा लाखाच्या कामाची यादी दिली. वर्षाला चाळीस हजार याप्रमाणें तीन वर्षांची निगा एक लाख वीस हजार. बेरीज झाली पांच लाख पंचाण्णव हजार. पुतण्याजवळ मुलीचें शिक्षण, आजारपण आणि घराची दुरुस्ती यांच्या रकमा वगळून सहा लाख शिल्लक होते. सबंध बेरीज हातांत असेल तरच गाडीला हात लावावयाचा, नुसती किंमत पाहून नव्हे, असा दंडक मीं घातला. ऋण काढून सण करूं नये, हें वडिलांचें सांगणें येथेंहि लागू आहे.

वहीच्या जमेच्या बाजूस त्यानें एक ओळ लिहिली होती: 'पुढें किंमत वाढेल.' ती मीं त्याला खोडावयास लावली. एखाद्या गाडीची किंमत वाढतेहि. पण ती आशा हिशेबांत आली कीं हौस गुंतवणुकीचा वेष घेऊन घरांत शिरते आणि मग तिला कोणी अडवीत नाहीं. दिलेला पैसा गेला असें समजून जो व्यवहार परवडतो, तोच हौसेचा व्यवहार. आणखी एक अट घातली: तीन महिने थांबावयाचें. या अवधींत गाडी दुसरा कोणी घेऊन गेला तर तिच्यासारखी दुसरी शोधावी. आणि इच्छाच ओसरली, तर सहा लाख वांचले!

तिसरें सदर हात वर करणाऱ्याचें. घरांतल्या वडीलधाऱ्यांचीं मतें झालीं, तेव्हां मीं सूनबाईंना विचारलें. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "अण्णा, पैसे यांचे आहेत, यांनीं कमावलेले आहेत. त्याबद्दल मी बोलत नाहीं. पण तुमच्या वहींत रविवार कोठें लिहिलेला नाहीं. सहा दिवस वाट पाहून मुलीला बाबा मिळतात ते त्या दिवशीं. तो दिवस गाडीला जाणार असेल, तर तो कोणाच्या खात्यांतून जाणार? आणि मला स्वतःला एखादी सकाळ मोकळी मिळते का, तेंहि त्याच वहींत लिहा."

माजघरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. माझ्या कुटुंबानें मात्र हातांतली भाजी निवडतां निवडतां मान डोलविली. चाळीस वर्षांचें उत्तर त्या मान डोलविण्यांत होतें. एकत्र कुटुंबांत हौस बहुधा पुरुषाची असते आणि तिला लागणारा वेळ स्त्रीच्या खात्यांतून जातो. तो कोणी मागत नाहीं, म्हणून कोणी नोंदवीतहि नाहीं. पैशाचा हिशेब आम्हीं पैपर्यंत केला होता. पण ज्या नाण्यांत खरी किंमत द्यावयाची होती, तें नाणें एका वाक्यानें सूनबाईंनीं सर्वांपुढें ठेवलें.

पुतण्यानें बाण परत घेतला, असें मी म्हणेन. तो रागावला नाहीं, कीं 'राहूं दे, मला नकोच गाडी' असें म्हणून त्यानें त्यागाचा आंवहि आणला नाहीं. त्या त्यागानें सूनबाईंच्या माथीं दोष तेवढा आला असता. दोघांनीं बसून नवी नोंद केली. पहिल्या आणि तिसऱ्या रविवारीं पहांटे साडेपांच ते नऊ गाडीचे. नवानंतर गाडीचें नांव काढावयाचें नाहीं. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारची सकाळ सूनबाईंची. त्या दिवशीं चहा, न्याहारी आणि मुलगी हीं पुतण्याकडे. गाडीला चार दारें आणि मागें बसावयास जागा आहे, हा या जुन्या सिटीचा दोन आसनांच्या गाड्यांहून मोठा गुण ठरला. मुलीला यावेंसें वाटेल तेव्हां तिला नेतां येणार होतें.

तीन महिने संपले, इच्छा टिकली, गाडीहि टिकली. मीं "घे" म्हटलें. निरुपयोगी वस्तूला संमति कशी दिली, असें माझ्या एका स्नेह्यांनीं विचारलें. मीं म्हटलें, माझ्या कपाटांतले जुने कोश तरी आज कोणाच्या उपयोगाचे आहेत? माणसानें ज्यावर मनापासून लोभ केला आणि ज्याची स्वतःच्या हातानें निगा राखली, त्या वस्तूमुळें त्याच्या अंगीं कांहीं चांगल्या संवयी येतात. दुसऱ्याच महिन्यांत रेडिएटर गळूं लागला आणि अकरा हजार रुपये गेले. ते निगेच्या रकमेंतून गेले, म्हणून घरांत कोणाचें तोंड वांकडें झालें नाहीं. मुलगी टायरमधली हवा मोजावयास शिकली आहे. सूनबाई दर महिन्याला दोन रविवारीं मैत्रिणींबरोबर अजिंक्यतारा चढून येतात. घरांतल्या मोटारीच्या हिशेबांत त्यांची ही सकाळ सर्वांत मोलाची जमा, असें मला वाटतें.

तेव्हां वाचकहो, घरांतलें कोणी एखादी हौस घेऊन आपल्यापुढें आलें, मग ती मोटारीची असो, कॅमेऱ्याची असो वा सतारीची, तर तिला एकदम 'चैन' म्हणून झिडकारूं नये, आणि 'हौसेला मोल नाहीं' म्हणून डोळेहि मिटूं नयेत. वही उघडावी. रुपये लिहावे, तास लिहावे, आणि ते तास कोणाचे, तेंहि लिहावें. एवढें मोल कळल्यावरहि जी हौस टिकते ती खुशाल पुरी करावी. आणि एकदां मोल देऊन टाकल्यावर मग कोणीं कुरकुर करूं नये.